प्रभूच्या मेजावरची भाकर

माझ्या आईला देवाची भीती वाटत नसे, पण देवळात उशिरा पोचण्याची वाटे. रविवारी पहिली घंटा व्हायच्या आत ती पुढून दुसऱ्या बाकावर बसलेली असायची, डोक्यावर पदर, मांडीवर गीतांचं पुस्तक. मागून येणाऱ्यांच्या नुसत्या पावलांवरून ती माणसं ओळखायची आणि मनातल्या मनात त्यांची हजेरी घ्यायची. आम्ही नाशिकचे जुने ख्रिस्ती. चर्चला आमच्याकडे देऊळच म्हणत. आई नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होती आणि पोरांना जे नियम तेच देवाघरीही असणार, याबद्दल तिला काडीचीही शंका नव्हती. उपासनेत कुजबुजायचं नाही, प्रार्थनेत डोळे उघडायचे नाहीत, चुरगळलेली साडी नेसून यायचं नाही. 'देवाला गबाळेपणा चालत नाही,' हे तिचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की लहानपणी मला देव म्हणजे आमच्या शाळेचे इन्स्पेक्टरसाहेब वाटायचे.

दर तीन महिन्यांनी आमच्या मंडळीत प्रभुभोजन असे: येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाने भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षरसाचा एक घोट घ्यायचा. त्या दिवसाची भाकर करण्याचा मान आईकडे होता. बेकरीचा पाव आमच्या मेजावर कधी आला नाही. आधी हे काम माझी आजी करायची, भाकरही आणि द्राक्षरसही. ती अंथरुणाला खिळली तेव्हा तिने दोन कामं दोन सुनांना वाटून दिली. धाकटीकडे, म्हणजे आईकडे, भाकर आली आणि थोरलीकडे रस. थोरली म्हणजे माझी मोठी आई. ती देवळाली कॅम्पात राहायची. मोठे काका तिथल्या मिलिटरीच्या वर्कशॉपात होते. आजीने दोघींना दुहेरी अट घातली होती: मेजाचं काम बाप्तिस्मा झालेल्या बाईनेच करायचं आणि जिचा कुणाशी अबोला आहे तिने त्या पिठाला हात लावायचा नाही. सुनांना एकमेकींशी बांधून ठेवायची म्हातारीची युक्ती असणार ती. सासू मोठी हुशार होती, असं दोघी सुना तिच्या माघारी म्हणायच्या. तिच्यासमोर कधी म्हटलं नाही.

भाकर करायची म्हणजे आमच्या घरात आठवडाभर गडबड. आई गहू स्वतः निवडायची, धुऊन गच्चीवर वाळवायची. गिरणीत तर ती हटून बसायची. आधी कुणाची ज्वारी दळली असेल तर डबा पुढे करायचीच नाही. 'गव्हावर दळा,' म्हणायची आणि कुणीतरी गहू घेऊन येईपर्यंत बाकड्यावर बसून राहायची. भाकरीत मीठ नाही, सोडा नाही, खमीर नाही. जाडसर लाटून कोरड्या तव्यावर मंद आचेवर भाजायची आणि गार झाल्यावर सुरीने नखाएवढे तुकडे करायचे. तिला चपाती म्हटलेलं आईला खपत नसे. तिकडे कॅम्पात मोठी आई काळे मनुके भिजत घालून, उकळून, गाळून रस करायची. आमच्या मंडळीत दारू वर्ज्य, त्यामुळे द्राक्षाच्या गावात राहून आम्ही मनुक्यांवर भागवायचो.

प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, तयारीची उपासना व्हायची. तिच्या शेवटी ज्यांचं कुणाशी बिनसलं असेल त्यांनी उठून एकमेकांची माफी मागायची, अशी रीत. लोक तीन महिने मनसोक्त भांडायचे, कारण शनिवारी सगळं धुऊन निघणार ही खात्री. आम्ही मुली मागच्या बाकावरून बघायचो, कोण कुणाकडे चाललंय. मंडळीतली भांडणं कळायची दुसरी सोयच नव्हती.

ऐंशी साल उलटून गेलं होतं, मी कॉलेजात होते, तेव्हाची ही गोष्ट. मोठ्या आईचा मुलगा, माझा चुलतभाऊ, अंबडच्या एका कारखान्यात लागला आणि तिथल्या ऑफिसात टाइप करणाऱ्या मुलीच्या प्रेमात पडला. मुलगी बौद्ध. खरं तर आमच्या पणजोबांची आणि तिच्या पणजोबांची वस्ती एकच असणार. आमचे आधी मिशनकडे गेले, त्यांचे पुढे बुद्धाकडे, एवढाच फरक. पण मंडळीच्या पंचांनी सांगितलं, मुलीचा बाप्तिस्मा झाल्याशिवाय देवळात लग्न लागणार नाही. मुलगी म्हणाली, "माझ्या बापाने एकदा धर्म बदललाय, तो मला जन्मभर पुरेल." मला ती तेव्हाच आवडली. मग त्यांनी रजिस्टर लग्न केलं आणि तिच्या कॉलनीतल्या समाजमंदिरापुढे मांडव घालून जेवण दिलं.

आई गेली नाही. "जे लग्न देवासमोर झालं नाही त्याच्या पंगतीला मी कोणत्या तोंडाने बसू?" म्हणाली. बाबाही गेले नाहीत, कारण आई गेली नाही. मी गेले, आईचीच मोतिया साडी नेसून, आणि घरी आल्यावर दोन दिवस बोलणी खाल्ली. सख्खी जाऊ मुलाच्या मांडवात आली नाही, हे मोठ्या आईच्या काळजाला लागलं. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं.

तरी मेजाचं काम थांबलं नाही. दोघींनी त्यावर तोडगा काढला होता. तयारीच्या उपासनेत आई उठायची, मोठ्या आईपुढे जाऊन म्हणायची, "काही चुकलं असेल तर माफ करा, आक्का." मोठी आई म्हणायची, "माझंबी चुकलं असंल." दोघी बोटांची टोकं एकमेकींना लावायच्या, गरम तव्याला लावावीत तशी, आणि आपापल्या बाकावर जायच्या. रविवारी भाकर पूर्वेच्या दाराने यायची, रस पश्चिमेच्या. म्हातारे पाळक, म्हणजे आमचे पाद्री, डोळ्यांनी अधू होते, किंवा असल्याचं दाखवायचे. वर्षभर हे असं चाललं. मला भयंकर चीड यायची. एकदा मी आईला म्हटलंसुद्धा, "देवाला हे दिसत नाही असं वाटतं का तुला?" त्यावर तिने मला तांदूळ निवडायला बसवलं.

मग नवे पाळक आले. वयाने तरुण, अंगाने काटकुळे, सायकलवरून घरोघर फिरणारे. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, ते आमच्याकडे आले. आईने त्यांना मोठ्या अभिमानाने पिठाचा डबा उघडून दाखवला, गव्हावर दळल्याचं सांगितलं, सासूची अटसुद्धा सांगितली. ती अट सांगताना तिचा आवाज किंचित खाली गेला. पाळकांनी चहा संपवला, कपबशी खाली ठेवली आणि विचारलं, "बाई, कॅम्पातल्या तुमच्या जाऊबाईंशी तुमचं बोलणं आहे का?"

"आम्ही दर वेळी माफी मागतो," आई म्हणाली.

"ते मी ऐकलंय. बोलणं आहे का?"

आई पिठाच्या डब्याचं झाकण लावत बसली. खोटं बोलणं तिच्या रक्तात नव्हतं, हे मला कबूल केलं पाहिजे.

"मग उद्याची भाकर मी बेकरीतून मागवतो," ते म्हणाले. आवाज चढवला नाही की उपदेश केला नाही. उलट त्यांनाच अवघड झालेलं दिसत होतं. "रागावू नका. पण तुम्ही रविवारच्या शाळेत मुलांना शिकवता ना, अर्पण घेऊन वेदीपाशी आलात आणि भावाच्या मनात आपल्याविषयी काही सल आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जायचं? तेच आपल्यालाही."

ते सायकलवर बसून गेले आणि आईचा पारा चढला. कालचं पोर, मिसरूड फुटलं नाही आणि मला शिकवतंय! माझ्या हातची भाकर परत पाठवणारा आजवर जन्मला नाही! बेकरीच्या पावात काय घालतात कुणाला ठाऊक, आणि तो पाव मेजावर? बाबा पेपर वाचत होते. ते आयुष्यात कधी आईच्या विरुद्ध बोलले नाहीत. त्या दिवशी पेपरामागून म्हणाले, "त्याचं बरोबर आहे." आईने त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी पेपराचं पान उलटलं, वाचून झालं नव्हतं तरी.

थोड्या वेळाने ती आतून आली ती साडी बदलून, पिठाचा डबा कापडात बांधून. मला म्हणाली, "चल. कॅम्पात जायचंय. तयारीच्या उपासनेला आज आपण नाही." मी थक्क झाले. त्या उपासनेला ती गैरहजर राहिल्याचं मला आठवतच नव्हतं. शालिमारच्या थांब्यावरून आम्ही बस धरली. डबा तिने मांडीवर घेतला होता, कंडक्टरने खाली ठेवा म्हटलं तरी ठेवला नाही. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला कळत होतं, आणि ते मला फारसं आवडत नव्हतं. जावेशी एकदाचं बोलायचं, तिथेच दोघींनी मिळून भाकर करायची आणि उद्या पाळकांच्या हातात ताट द्यायचं: घ्या, आता बोला! समेटाला निघालेली बाई अशी नसते. परीक्षेला निघालेली असते.

मोठी आई दारातच भेटली. अंगणात मनुके उकळायला ठेवले होते, विटांच्या चुलीवर पातेलं होतं आणि गोडसर वास सुटला होता. तिने आधी आईकडे पाहिलं, मग डब्याकडे.

"सलाम, आक्का," आई म्हणाली.

"सलाम. भाकरीपायी आलीस का माझ्यापायी?"

मोठी आई हरसूलकडच्या खेड्यातली. बोलणं सरळसोट. आई शाळेत चाळीस पोरांना गप्प बसवायची, पण या प्रश्नापुढे तीच पोरासारखी उभी राहिली. तिने डबा ओट्यावर ठेवला. मी मनातून म्हटलं, आई, आता खरं सांग. आणि तिने सांगितलं. "भाकरीसाठीच निघाले होते," ती म्हणाली. "पाळकांनी परत केली माझी भाकर. मला फार वाईट वाटलं, आक्का."

यावर मोठी आई विरघळेल असं मला वाटलं होतं. पण ती पळीने मनुके ढवळत राहिली. "बरं झालं परत केली," म्हणाली. "माझाबी रस परत करायला पायजेल व्हता. मी काय कमी नाय. तुझ्या शिक्षणाचा तुला माज हाय, असं मी समद्या मंडळीला सांगत फिरले. त्याची माफी माग म्हणशील तर मागते, आत्ता मागते. पर तू माझी माफी मागू नको. लय ऐकली. जिची मागायची तिचं तोंड तरी बघितलंस का वर्षभरात?"

आईने ते तोंड खरोखरच पाहिलेलं नव्हतं. रस्त्यात मोठ्या आईची सून समोरून आली तर आई दुकानातल्या फळ्या बघत उभी राहायची. आत्ता ती आतल्या खोलीत होती, दारामागे, सगळं ऐकत. मोठ्या आईने हाक मारली तेव्हा ती बाहेर आली. खांद्यावर तीन-चार महिन्यांचं बाळ, कपाळावर घाम, साडीला पावडरीचे डाग. आईच्या नियमाने पाहिलं तर अगदी गबाळी.

"जयभीम, काकू," ती म्हणाली आणि आईला बसायला पाट पुढे सारला.

आई बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, "तुझ्या लग्नाला मी आले नाही. मी यायला हवं होतं." एवढं बोलून थांबली. मग तिच्या तोंडून जे बाहेर पडलं ते मी त्यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं. "चुकले मी, पोरी. मला माफ कर." त्यात 'काही' नव्हतं आणि 'असेल तर' नव्हतं.

ती मुलगी बावरली. पाया पडायला वाकू लागली, पण खांद्यावर बाळ असल्याने वाकता येईना. "असं काय म्हणताय काकू," म्हणाली. "मला वाटायचं, माझ्यामुळे तुमचं घर तुटलं. मी यांना कितीदा म्हटलं, आपण जाऊन येऊ काकूंकडे. पण तुमच्या दारात उभं राहायची हिंमत नाही झाली." आणि ती रडायला लागली. आईही रडायला लागली. मोठी आई पळी घेऊन तशीच उभी होती, तिचे डोळे धुराने लाल झाले होते की कशाने ते तिने आम्हाला कळू दिलं नाही. "मनुके लागतील खाली," म्हणाली आणि पातेलं उतरवलं.

बाळाने मात्र हे सगळं फार मनावर घेतलं आणि जोरात टाहो फोडला. मोठ्या आईने त्याला उचललं आणि आईच्या हातात दिलं. पोरगं दोन हुंदके देऊन गप्प झालं, आईचा चष्मा मुठीत धरला आणि सोडेना. आई पाटावर बसली ती त्याला घेऊनच. माझा चुलतभाऊ कामावरून आला, काकूच्या मांडीवर आपलं पोर बघून दारातच थबकला आणि हातपाय धुवायला गेला. मग चहा झाला, दिवेलागण झाली, शेवटच्या बसच्या आधीची बस चुकली. तुम्ही आज इथेच राहा, असं मोठ्या आईने फर्मान काढलं. पीठ तसंच पडून होतं.

"आण, मी घेते याला," मी म्हटलं, "तू पीठ मळ." पण आई बाळ द्यायला तयार नव्हती. त्याला नुकता डोळा लागला होता.

तेव्हा सून म्हणाली, "काकू, मी मळू का?"

मोठी आई आईकडे बघत होती. मीही. बाप्तिस्मा झालेल्या बाईनेच हात लावायचा, ही आजीची अट आम्हा तिघींना पाठ होती आणि त्या मुलीला ती कुणी सांगितलेली नव्हती. फुकट बसण्यापेक्षा हातभार लावावा म्हणून तिने साधं विचारलं होतं. आईने बाळाच्या टाळूवरून हात फिरवला. माझ्या आईने आयुष्यात मोडलेले नियम मला एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि प्रत्येक वेळी तिचा चेहरा दाढ दुखत असल्यासारखा व्हायचा. त्या वेळी मात्र तसा झाला नाही.

"मळ," ती म्हणाली. "हात धू आणि पाणी बेताने घाल. मीठ नाही घालायचं."

मुलीने पीठ मळलं, घट्ट आणि मऊ. लाटलंही तिनेच. मोठी आई तव्यापाशी बसली आणि आई बाळ मांडीवर घेऊन बसल्या जागेवरून सूचना करत राहिली: जाड ठेव, कडा दाब, आच कमी कर. मध्येच मोठी आई म्हणाली, "ही शाळा आता बंद करशील का?" आणि तिघी हसल्या. त्या स्वयंपाकघरात कुणी प्रार्थना केली नाही की गीत म्हटलं नाही. पण मी आयुष्यात जेवढ्या उपासनांना बसले, आणि आईच्या कृपेने खूप बसले, त्यात देव जवळ असल्याचं मला इतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे जाणवलं नाही. हे माझं मत आहे. पंचांना विचारून बनवलेलं नाही.

सकाळी आम्ही सगळेच बसने निघालो. सून म्हणाली होती, मी येऊ का, मागे बसेन. आई म्हणाली, "मागे कशाला?" पण सुनेने देवळात मागचाच बाक धरला, बाळ रडलं तर बाहेर जाता यावं म्हणून. आई आणि मोठी आई एकाच दाराने आत शिरल्या, एकीच्या हातात ताट, दुसरीच्या हातात सुरई. पाळक वेस्ट्रीच्या, म्हणजे वेदीशेजारच्या त्यांच्या खोलीच्या, दारात उभे होते. त्यांनी दोघींकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. बेकरीचा पुडा त्यांच्यामागे टेबलावर दिसत होता.

आईने ताट पुढे केलं, पण हातातून सोडलं नाही. "एक सांगायचंय," ती म्हणाली. "पीठ माझ्या पुतणसुनेने मळलंय, लाटलंयही तिनेच. तिचा बाप्तिस्मा झालेला नाही, व्हायचाही नाही. आमचा तिच्याशी अबोला होता, तो काल संपला. आता घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

पाळकांनी ताटावरच्या पांढऱ्या कापडाची कड सारखी केली. त्यांनाही वरचे साहेब होते, पंच होते, नियम होते. त्यांची नोकरी नवी होती. मग त्यांनी दोन्ही हातांनी ताट घेतलं आणि आत जाऊन मेजावर ठेवलं. पुडा तिथेच राहिला.

भोजनाच्या वेळी एकेक बाक उठून पुढे गेला. दोघी जावा शेजारी शेजारी गुडघे टेकून बसल्या. भाकर घेताना आईचे खांदे हलताना मला दिसले. सगळ्या मंडळीने, पंचांनीसुद्धा, ती भाकर खाल्ली. जिने ती केली तीच एकटी मागच्या बाकावर बाळाला थोपटत बसून होती. तिला त्याचं काही वाटलं असं दिसलं नाही. मला वाटलं. अजूनही वाटतं, आणि त्याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

पुढून परतताना आई तिच्या दुसऱ्या बाकाशी थांबली नाही. मधल्या वाटेने सरळ मागे चालत आली. मंडळी मान वळवून बघत होती, आणि आईच्या नियमात उपासना चालू असताना जागा बदलणं बसत नव्हतं. ती सुनेशेजारी येऊन बसली. मी पलीकडच्याच बाकावर होते. मुलीने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "बरी झाली होती का, काकू?"

उपासनेत कुणी कुजबुजलं की आई वळून डोळे वटारायची. नखाएवढा तो तुकडा तिने नुकताच खाल्ला होता. तिने मुलीचा हात हातात घेतला आणि चांगलं दोन बाकांवर ऐकू जाईल असं म्हणाली, "पोट भरलं गं माझं."